दुसऱ्या जागेचं बंधन

"रणधीर, जेवायला ये," एवढंच संयोगिता म्हणाली होती.

रणधीरच्या हातातला रिमोट खाली पडला. तो सोफ्यावर मागे मागे सरकत गेला, पाठ भिंतीला टेकली तरी पाय रेटतच राहिला. सहा फूट उंचीचा, बेचाळीस वर्षांचा तिचा नवरा तिच्याकडे असा बघत होता, जणू तिच्या हातात सुरा आहे. तिच्या हातात आमटीचा डाव होता.

"अरे, काय झालं?" ती पुढे झाली.

तो उठला, टीपॉयला धडकला आणि न्हाणीघरात शिरून त्याने आतून कडी घातली. बादली कलंडल्याचा आवाज आला. मग त्याचा आवाज, चिरका, तिने कधीच न ऐकलेला. "बोलू नकोस! पाया पडतो तुझ्या, बोलू नकोस!"

दोन गल्ल्या पलीकडे रणधीरची मोठी बहीण राहायची, रोहिणीअक्का. संयोगिताने अक्कांना मेसेज केला, कारण फोनवर बोलण्याचीही तिला भीती वाटत होती. अक्का धापा टाकत आल्या. त्यांनी दारावर थाप मारली. "रणधीर, मी आहे रे. उघड."

कडी लगेच निघाली. तो घामाने निथळत होता.

"बाहेर कोण आहे माहितीये ना तुला?" अक्कांनी विचारलं.

"संयू आहे. मला कळतंय अक्का, संयूच आहे. पण ती बोलली की वाटतं, आता मारते मला." त्याने दोन्ही हात पुढे केले. बोटं थरथरत होती. "बघ. मला काही वेड लागलेलं नाही. हे आपोआप होतंय."

संयोगिता स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून ऐकत होती. 'आपोआप' हा शब्द ऐकून तिने हातातला डाव खाली ठेवला. त्याच्या डोक्यात जे आपोआप चालायचं, त्यातला मोठा भाग तिने लिहिलेला होता.

कराडच्या आसपास कबड्डीचा सामना असला की लोक आधी विचारायचे, समालोचनाला रणधीर ढमढेरे आहे का? मैदानावर सात खेळाडू एका बाजूला, सात दुसऱ्या बाजूला, आणि पंधरावा रणधीर, असं संघवालेच म्हणत. मग २०४१च्या ऑक्टोबरमध्ये, सामना चालू असतानाच, त्याचं वाक्य अर्ध्यावर तुटलं. मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. हातपाय महिन्याभरात सुधारले. शब्द मात्र गेले ते गेलेच. समजायचं सगळं, पण तोंडातून एक अक्षर निघत नव्हतं.

संयोगिता घरूनच काम करायची, पुण्याच्या 'अनुबंध' नावाच्या कंपनीसाठी. ही कंपनी 'सेतू' बनवायची. कवटीच्या आतल्या बाजूला बसवायची नखाएवढी चकती. मेंदूचा एखादा भाग मेला की त्याच्यामधून जाणारे रस्ते तुटतात. सेतू एका काठावरचा संकेत उचलायचा आणि दुसऱ्या काठावर नेऊन द्यायचा, इतकंच त्याचं काम.

पण संकेत तरी किती प्रकारचे. ऐकलेलं, पाहिलेलं, हाताला लागलेलं, आठवलेलं, बोलावंसं वाटलेलं. आणि ते पोचवायच्या जागाही तितक्याच. प्रत्येक जोडीसाठी वेगळा प्रोग्राम लिहायचा तर शेकडो लिहावे लागले असते आणि एकात चूक सुधारली तर ती सगळीकडे सुधारावी लागली असती. म्हणून सहा वर्षांपूर्वी संयोगिताने एकच मेथड लिहिली होती. तिचं नाव 'पोचव'. नावापुढे कोनी कंसात दोन अक्षरं होती, टी आणि यू. टी म्हणजे कुठल्या प्रकारचा संकेत, यू म्हणजे कुठल्या प्रकारची जागा. दोन्ही मोकळी. वापरणाऱ्याने ती भरायची, काम करण्याची रीत तीच. प्रोग्रामर याला जेनेरिक मेथड म्हणतात. लिहायला छोटी आणि वापरायला सगळ्यांना सोयीची.

अशा मोकळ्या अक्षरावर बंधन घालता येतं. संयोगिताने यूवर घातलं होतं. यू कुठलीही जागा असून चालणार नाही, ती फक्त हालचालीची जागा हवी. हात, पाय, ओठ, जीभ. सेतूतला शिकणारा भाग रोज स्वतःच नवे मार्ग लिहून बघायचा. लिहिलेली प्रत्येक ओळ चालवण्याआधी कंपायलर नावाचा प्रोग्राम तपासायचा आणि बंधन मोडणारी ओळ तिथल्या तिथे फेकून द्यायचा. त्यामुळे सेतू रुग्णाचा हात हलवू शकत होता, पण त्याच्या मनाला हात लावू शकत नव्हता.

रणधीरच्या डोक्यात सेतू बसवला आणि सहा आठवडे काहीच झालं नाही. बोलण्याच्या इच्छेपासून जिभेपर्यंतचा सरळ रस्ता पार जळून गेला होता. तो आरशासमोर बसून तोंड उघडायचा, मिटायचा. एकदा तिने त्याला दाराच्या फटीतून तसं पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या सेतूतलं यूवरचं बंधन काढून टाकलं. एका ओळीतले चारच शब्द. सरळ रस्ता नसेल तर सेतूने आडरस्ता शोधावा, आधी मधल्या कुठल्यातरी जागी जावं आणि तिथून जिभेवर यावं, एवढाच तिचा हेतू. तपासणीत सगळं नीट चाललं.

नवव्या दिवशी रणधीर म्हणाला, "पाणी."

त्या एका शब्दावर अख्खी गल्ली जमा झाली होती. कंपनीने तोच बदल सगळ्या सेतूंना पाठवला. सहाशे बारा रुग्ण. त्यांतले एकशे चाळीस जण, जे कधी बोलतील असं वाटत नव्हतं, ते बोलायला लागले. रणधीर तीन महिन्यांत माइकसमोर परतला.

आणि आता त्याने आतून कडी घातली होती.

अक्का त्याला घेऊन पुढच्या खोलीत बसल्या. संयोगिताने मागच्या खोलीत लॅपटॉप उघडून त्याच्या सेतूच्या नोंदी काढल्या. शिकणाऱ्या भागाने आठ महिन्यांत हजारो ओळी लिहिल्या होत्या. ती एकेक वाचत गेली. बोलण्याची वाट तिला सापडली. इच्छेपासून निघालेला संकेत जिभेवर येण्याआधी मेंदूच्या खोल भागातल्या एका बदामाएवढ्या गाठीत जात होता. ही गाठ भीतीची. घाबरलेला माणूस किंचाळतो त्या किंचाळण्याची वाट शब्दांच्या वाटेहून निराळी असते. रणधीरच्या मेंदूत तेवढीच शाबूत उरली होती. सेतूने तीच धरली होती. आठ महिने रणधीर भीतीच्या रस्त्याने बोलत होता.

पुढची ओळ तिने परत मागे येऊन वाचली. पोचव. टीच्या जागी ओळखीचा आवाज, यूच्या जागी भीती.

ही जोडी कोणाही माणसाने लिहिली नव्हती. पण यात सेतूचा हिशेब सरळ होता. माणूस बोलतो ते बहुतेक वेळा कुणीतरी त्याच्याशी बोलल्यावर. म्हणजे ऐकलेल्या आवाजाने भीतीची गाठ आधीच जागी करून ठेवली तर उत्तर लवकर येईल. जो आवाज सगळ्यात जास्त कानावर पडतो, त्याचा मार्ग सगळ्यात रुंद करायचा. आवाजांच्या यादीत पहिली ती स्वतः होती. नोंदीत तिच्यापुढे आकडा होता, शंभरातले ब्याण्णव. अक्का दुसऱ्या, अठरा.

तिच्या अंगावर काटा आला, तो आकड्यामुळे नाही. सहाशे बारा घरांमध्ये हाच सेतू होता, आणि प्रत्येक घरात एक तरी माणूस असं होतं, जे रुग्णाशी सगळ्यात जास्त बोलत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गौतम साबळेला व्हिडिओ कॉल लावला. गौतम कंपनीत तिचा वरिष्ठ, वाईट माणूस नव्हे. तिचं सगळं ऐकल्यावर त्याने चष्मा काढून डोळे चोळले.

"आठ घरांतून तक्रारी आल्यात," तो म्हणाला. "आम्हाला वाटलं, आजारपणाचा ताण असेल. अमळनेरचे एक गुरुजी बायकोने हाक मारली की माळ्यावर जाऊन बसतात."

"गौतम, बंधन परत घाल. आज."

"घातलं तर एकशे चाळीस माणसं मुकी होतील. तुझ्या नवऱ्यासकट. त्यांना काय सांगू, आठ घरांत भांडणं होतायत म्हणून?"

"भांडणं नाहीत ही."

"मला तीन महिने दे. फक्त तो आवाजाचा मार्ग बंद करू. बोलणंही राहील, भीतीही जाईल."

तिलाही तेच हवं होतं. तीन महिने कशाला, तिने ते त्याच दिवशी केलं, फक्त रणधीरच्या सेतूवर, त्याला आणि सेतूच्या डॉक्टरांना सांगून. ओळखीचा आवाज आणि भीती, एवढी एक जोडी मना केली. संध्याकाळी तिने दबकत विचारलं, "बरं वाटतंय का?" रणधीर थबकला, खांदे आखडले, मग सैल पडले. "वाटतंय," तो म्हणाला आणि रडायला लागला. तीही रडली.

तिसऱ्या दिवशी ती अनवाणी खोलीत आली, काही न बोलता, आणि तो किंचाळला.

सेतूने पावलांचा आवाज धरला होता. तिने तो मार्ग बंद केला. मग तिच्या केसांच्या तेलाचा वास. मग तिचा मेसेज. अक्षरं वाचताना मनात उमटणारा आवाज तिचाच असायचा ना. ती एक दार लावायची आणि सेतू दुसरं उघडायचा. दोन मोकळ्या जागा होत्या, आणि त्यांत काय काय भरता येईल याला अंत नव्हता.

ती अक्कांच्या घरी राहायला गेली आणि अक्का रणधीरजवळ आल्या. रिकाम्या घरात बसून ती नोंदी बघायची. तिच्या मनात एक विचार येऊन बसला होता आणि तो हलत नव्हता. सगळ्यांच्या सेतूवर बंधन घालायचं, रणधीरचा तेवढा वगळायचा. त्याचा आवाज राहील, मैदान राहील. आपण पुण्याला निघून जायचं, परत त्याच्यासमोर यायचं नाही. तिने बॅगसुद्धा काढली.

सोमवारी दुपारी गौतमचा फोन आला. नेहमीचा सूर नव्हता. "उदगीरच्या एक बाई आहेत, आपल्याच रुग्ण. मुलगा कामावरून आला, खालून 'आई' म्हणून हाक मारली. बाईंनी मागच्या गॅलरीतून उडी टाकली."

"गेल्या?"

"नाही. कंबरेचं हाड मोडलंय. मुलगा दवाखान्यात जवळ गेला की त्या सलाइनसकट उठून पळायला बघतात. त्याला कुणी काही सांगितलेलं नाही. त्याला वाटतंय, आपल्या हातून काहीतरी पाप झालंय."

संयोगिताने सवयीने रणधीरच्या नोंदी उघडल्या. अक्कांच्या आवाजापुढचा आकडा अठरावरून एकाहत्तरवर गेला होता. आठवडाभरात. मी गेले तर अक्का. अक्का गेल्या तर त्यानंतर जो जवळ येईल तो. तिने बॅग परत पलंगाखाली सरकवली.

तातडीचा बदल पाठवायला रुग्णांची सुरक्षा बघणाऱ्या डॉक्टरांची सही लागायची. ते काम डॉ. नसरीन मुल्ला बघत. त्या कराडच्याच, रणधीरचा सेतू त्यांनीच बसवला होता. संयोगिता दवाखान्यात गेली आणि सगळ्या नोंदी, आपण बंधन कधी काढलं त्या तारखेसकट, त्यांच्यासमोर ठेवल्या.

डॉक्टरांनी त्या दोनदा वाचल्या. "हे तुम्ही नवऱ्यासाठी केलं होतं."

"हो."

"कंपनीत हे माहीत आहे?"

"आजच लिहून दिलंय."

"मी सही करते. सगळ्यांसाठी. उद्या बाराला जाऊ द्या." डॉक्टरांनी कागद बाजूला सारले. "बाकीच्या घरांना आत्ता विचारत बसायला वेळ नाही, एखादा जीव जाईल. पण रणधीरला आधी सांगा. त्याची वाचा तुम्ही न विचारता काढून घेतलीत तर आयुष्यभर त्याच्या शेजारी बसता येणार नाही तुम्हाला. मी येते सोबत. मीच सांगते त्याला."

सकाळी दहा वाजता डॉक्टर आणि अक्का रणधीरजवळ बसल्या. अक्का मुद्दाम लांब, खिडकीपाशी, तोंडाला पदर लावून. एक शब्दही बोलायची त्यांना भीती वाटत होती. संयोगिता जिन्यात थांबली. आतून डॉक्टरांचा संथ आवाज येत होता, मग रणधीरचा.

"तिलाच सांगू दे."

"रणधीर, तुम्हाला झेपणार नाही."

"डॉक्टर, दहा वर्षं झाली लग्नाला. बातमी तिच्याकडूनच ऐकणार मी. दार लोटून घ्या, बाहेरून बोलू दे तिला. मी खाट धरून बसतो."

दार लोटलं गेलं. संयोगिता बाहेर उभी राहिली. गेले कितीतरी दिवस ती त्याच्याशी बोललीच नव्हती. तिला स्वतःच्या घशाची भीती वाटत होती, त्यातून आता जे निघेल त्याची.

"रणधीर," ती म्हणाली.

आत खाटेची लोखंडी चौकट खडखडली.

"थांबू का?"

"नको." दात आवळलेला आवाज. "बोल."

तिने सांगितलं. बंधन म्हणजे काय, ते तिने कधी काढलं, का काढलं. आरशासमोर बसलेला तो तिला कसा दिसला होता. उदगीरच्या बाई. अक्कांचा आकडा. ती सांगत होती तेवढा वेळ खाट खडखडत होती, आणि मध्येच जनावरासारखं एक कण्हणं येत होतं. प्रत्येक वाक्य आपण त्याच्या अंगावर फेकून मारतोय असं तिला वाटत होतं. तरी ती थांबली नाही, कारण तो थांब म्हणत नव्हता.

"बाराला बंधन परत लागलं की तुझे शब्द जातील," ती शेवटी म्हणाली. "परत येतील की नाही, मला माहीत नाही. खोटं सांगत नाही."

आत खाट पुन्हा खडखडली.

"संयू, मला आत्ता इतकी भीती वाटतेय की मुतायला होईल." त्याला दम लागला होता. "पण तू बोलतेयस हेही कळतंय. दोन्ही एकदम कळतंय. भीती खोटी आहे हे कळून काही उपयोग होत नाही गं, ती वाटतेच. त्या उदगीरच्या बाईंना तर कुणी सांगितलंही नसेल, खोटी आहे म्हणून."

"नाही सांगितलेलं."

"मग मला कशाला विचारतेस?"

"तुझा आवाज आहे म्हणून."

आतून हसण्यासारखं काहीतरी ऐकू आलं. "माझ्या आवाजावर वीस वर्षं लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोटभर झालं म्हणणार नाही. नाही झालं. मला अजून बोलायचंय. रविवारी उंब्रजचा सामना आहे, त्यांना सांग, दुसरा कोणीतरी बघा." मग जोरात, माइकवर बोलायचा तसा, म्हणाला, "कर."

बारा वाजायला पाच मिनिटं असताना ती मागच्या खोलीत बसली. मेथडच्या नावापुढे तीच दोन अक्षरं होती. यूच्या शेजारी तिने चार शब्द परत लिहिले. कंपायलरने तपासायला घेतलं आणि स्क्रीनवर तांबड्या ओळींची रांग लागली. सेतूने आठ महिन्यांत लिहिलेले मार्ग एकेक करून नामंजूर होत होते. भीतीचे सगळे आणि बोलण्याचेही. त्यांतल्या एका ओळीने 'पाणी' हा शब्द आणला होता. कुठली ते तिने शोधलं नाही. डॉक्टरांची सही जोडून तिने बदल पाठवून दिला. सहाशे बारा ठिकाणी तो पोचायला चार मिनिटं लागली.

मग ती उठली आणि पुढच्या खोलीच्या दाराशी आली. डॉक्टर रणधीरची नाडी धरून बसल्या होत्या. त्याच्या तळहातांवर खाटेच्या कडेचे लाल वळ उठले होते. त्याने तिला पाहिलं. तिचा पाय उंबऱ्यातून उचलेना. आता बोलले आणि त्याचे डोळे परत तसेच झाले तर?

डॉक्टरांनी मान हलवली. बोला.

"रणधीर," ती म्हणाली, फार हळू.

तो हलला नाही. खांदे आखडले नाहीत. त्याने ओठ उघडले, जीभ हलवली, नुसती हवा बाहेर आली. त्याने पुन्हा प्रयत्न केला. त्याच्या चेहऱ्यावरून भीती गेली होती आणि तिच्या जागी जे आलं ते बघणं संयोगिताला त्याहून अवघड गेलं. तो हात पुढे करून वाट बघत राहिला. ती जाऊन शेजारी बसली. अक्का खिडकीपाशी पदरात तोंड खुपसून हुंदके देत होत्या, आता मोठ्याने, आणि त्या आवाजानेही तो दचकला नाही.

संयोगिताचा फोन वाजायला लागला. अमळनेरचा नंबर. तो बंद होतो न होतो तोच दुसरा, मग तिसरा. आदल्या दिवशी लिहून दिलेल्या कागदात तिने कंपनीला सांगितलं होतं की रुग्णांच्या घरचे लोक फोन करतील, ते माझ्याकडे वळवा. एकशे चाळीस घरांत एकेक माणूस आत्ता या क्षणी गप्प झालं होतं, आणि का ते त्या घरांना ठाऊक नव्हतं. त्या लोकांना काय सांगायचं, ते ऐकून काय म्हणतील, शिव्या देतील की नुसते रडतील, तिला काहीच सुचेना. फोन वाजत राहिला.

रणधीरने तो उचलून तिच्या हातात दिला.

तिने हिरवं बटण दाबलं. पलीकडे एक म्हातारी बाई एकाच वेळी दोन गोष्टी सांगत होती. गुरुजी माळ्यावरून उतरून माझ्याजवळ येऊन बसलेत, आणि गुरुजींच्या तोंडून शब्दच फुटत नाहीये.

"हो, काकू," संयोगिता म्हणाली. "मी संयोगिता ढमढेरे बोलतेय. ते मीच केलंय. तुम्ही बसा जरा, मी तुम्हाला पहिल्यापासून सांगते."